मातृभाषेचा रकाना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे सगळे रस्ते पांढुर्ण्याकडे वळतात. सौंसरकडून माणसं येतात, नरखेड-काटोलकडून येतात. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्यावर झेंडा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मधल्या हवेत दगड. गोटमार. माझं सासर पांढुर्ण्याचं. लग्न होऊन आले त्या वर्षी गच्चीवरून पाहिली, तेवढीच. त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी मी सकाळीच उलट्या वाटेनं तिगावला, माहेरी येते.

गेल्या पोळ्यालाही आले. वहिनीनं पुरणाच्या पोळ्या झाकून ठेवल्या होत्या. जेवणं झाली आणि दादा म्हणाला, "चाल वं बाई, वाडीत जाऊ." आंबिया बाराची संत्री त्या दिवसांत मुठीएवढी, हिरवीगार असतात आणि गळतात. पावसानं उसंत दिली नाही की जास्तच गळतात. दादा टोपलं घेऊन झाडाखालची फळं वेचत होता. पडलेली फळं तशीच राहू दिली तर कीड वरच्या फळांवर जाते, म्हणून ती वेचून खड्ड्यात पुरायची. मीही पदर खोचून वेचायला लागले आणि वेचता वेचता त्याला ते विचारलं.

ते म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं.

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणना झाली. मी तिगावातच एका सरकारी शाळेत हिंदी शिकवत होते, अजूनही शिकवते. आम्हा शिक्षकांना प्रगणक म्हणून नेमलं होतं आणि माझ्या वाट्याला आलेल्या गटात माझं माहेरचं घरही होतं. इतर घरांत मला कोणी काय सांगितलं ते मी कधी कोणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं ते गुपित आहे. आमच्या घराचं मात्र माझं मला सांगता येतं.

दुपारचे तीन वाजले असतील. बाबा ओसरीवर खाटेवर बसले होते. आई खाली सूप घेऊन तूर पाखडत होती. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी बाबांसमोर मोढ्यावर बसून मांडीवर पुठ्ठा घेतला, पुठ्ठ्यावर तक्ता. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, लग्न, धर्म, असे रकाने भरत मातृभाषेपाशी आले. तो रकाना अक्षरांत भरायचा होता.

"बाबा, मातृभाषा काय लिहू?" मी विचारलं.

"हिंदी लिही," बाबा म्हणाले.

प्रश्न मराठीत होता, उत्तर मराठीत होतं आणि उत्तर होतं हिंदी. आई सूप थांबवून म्हणाली, "काय म्हनते हे?" बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, "तू पाखड."

प्रशिक्षणात आम्हाला मातृभाषेची व्याख्या पाठ करून घेतली होती. लहानपणी आई ज्या भाषेत त्या माणसाशी बोलली, ती त्याची मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल, तर घरात तेव्हा जी भाषा मुख्यतः बोलली जात होती ती. आणि त्याच पुस्तिकेत दुसरा नियमही होता: सांगणारा जे सांगेल तेच लिहायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही, आपल्या मनानं बदलायचं नाही. मी दुसरा नियम पाळला. बाबांच्या ओळीत हिंदी. आईच्या ओळीत हिंदी. माझी आई नरखेडच्या बाजूची. सौंसरच्या बाजारात कांद्याचा भाव विचारायचा असला तरी ती आधी मला पुढे ढकलायची. तिच्या नावापुढे मी हिंदी लिहिलं. मग दादा, वहिनी, दादाचा मुलगा. पाच वेळा. पुढचा रकाना होता, येत असलेल्या इतर भाषा. बाबा म्हणाले, "तिथं टाक मराठी. ती काय पळून गेली का?" तिथं मी पाच वेळा मराठी लिहिलं. दुसऱ्या क्रमांकावर.

तक्ता भरून झाल्यावर आईनं चहा दिला. ती काही बोलली नाही. २०१६ मध्ये ती गेली, त्याआधी दोन वर्षं बाबा.

तर मी वेचलेली फळं टोपल्यात टाकत दादाला म्हटलं, "दादा, मले मागं जाता आलं असतं ना, तं मी ते एक बदलवलं असतं."

"कोनतं?"

"जनगणनेचं. मातृभाषेचं."

दादा सरळ उभा राहिला. "अन् मग काय झालं असतं?"

"आईच्या नावापुढं मराठी राह्यलं असतं."

"ते काय कोनी वाचाले बसलं आहे का? बारा लाखाच्या वर मराठी लोक निघाले म्हनते आपल्या मध्यप्रदेशात त्या मोजनीत. तूच सांगितलं होतं मले. त्यात आपली पाच डोकी अजून पडली असती. काय फरक?"

मला राग आला. असं बोलणं मी फार ऐकलं आहे, कार्यालयांत, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत. एकेका घराचा काय फरक, म्हणत म्हणत अख्खं गाव त्या रकान्यातून निघून जातं. मी त्याला सांगितलं की घटनेत ३५०-क नावाचा अनुच्छेद आहे. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोय करावी, असं त्यात लिहिलं आहे. आणि तो आला कधी? १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीनं. ज्या वर्षी राज्यांच्या सीमा पुन्हा आखल्या, त्याच वर्षी, आपल्यासारख्यांसाठी. सीमेच्या चुकीच्या बाजूला राहून गेलेल्यांची ती सोय होती. "आता मातृभाषेच्या रकान्यात आपनच हिंदी लिहिलं, तं सरकारनं सोय कोनाची कराची, दादा?"

"असं म्हनतेस?" दादा म्हणाला. "तुह्या पोराले कोनत्या शाळेत घातलं तू?"

मी बोलले नाही. इंग्रजी शाळेत घातलं. पांढुर्ण्यात, पहिल्या दिवसापासून.

"मग?" दादा म्हणाला. पण त्यानं ते लावून धरलं नाही. टोपलं उचलून पुढच्या झाडाखाली गेला. माझ्या भावाची ही गोष्ट मला आवडते. जिंकलेला मुद्दा तो दोनदा मांडत नाही.

पुढच्या झाडाखाली त्यानंच विषय पुन्हा काढला. "बदलवाचंच असंन तं ते छप्पन्न सालचं बदलव. आपल्या ओसरीवरचं काय बदलवतेस?"

आमच्या घरात छप्पन्न साल आजही कालच्यासारखं बोललं जातं. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्याआधी जो मध्यप्रदेश होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी नि मराठी या दोन्ही त्या राज्याच्या भाषा होत्या. आजोबांचा शेतीचा एक खटला नागपूरच्या हायकोर्टात होता. तिगावहून सकाळची गाडी धरली की कोर्टाच्या वेळेला नागपूर. शंभरेक किलोमीटर. सीताबर्डीत कोणाच्या तरी घरी भाकर खायची आणि रात्री परत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेलं. आजोबांचा खटलाही जबलपूरला गेला. ते एकदाच गेले तिकडे. वकिलाचं बोलणं समजलं नाही, वकिलाला त्यांचं समजलं नाही आणि ते खटला सोडून परत आले. बाबा सांगायचे की त्या दिवशी आजोबा स्टेशनवरून घरी न येता थेट वाडीत गेले आणि अंधार पडेपर्यंत आलेच नाहीत.

"फाजल अली कमिशननं जिल्हा धरला," मी म्हटलं. "जिल्हा हा घटक. आपली तहसील मराठी, पन छिंदवाडा जिल्हा हिंदी, म्हनून आपन जिल्ह्यासंगं तिकडे. तहसील धरली असती तं आपन नागपुरात असतो. पुढं आंध्र अन् मद्रासची सीमा ठरवताना पाटसकरांनी गाव धरलं. बेळगावसाठी महाराष्ट्र तेच मागून राह्यला आहे इतकी वर्षं, गाव हा घटक धरा म्हनून."

"म्हंजे तुले ते बदलवाचं आहे."

"नाई. ते आपल्या हातचं नव्हतंच. ज्याले आपला हात लागला नाई त्याचा पस्तावा मी कशाले करू? त्याचा मले राग येते. पस्तावा येते तो माह्या हातानं लिहिल्याचा."

इथं दादानं जे म्हटलं ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि अजून पूर्ण पटलेलं नाही, पण मनातून जातही नाही. तो म्हणाला, "जिल्हा धरला तं तहसील बोंबलते. तहसील धरली तं गाव बोंबलते. गाव धरलं तं त्यातले चार मोहल्ले म्हनतीन आमचं वेगळं. आपल्या तिगावात गोंडाची घरं नाईत का? त्यांच्या बोलीचं कोनी विचारलं? छिंदवाड्यापासून देवगडपर्यंत राज्य त्यांचंच होतं. नागपूर वसवलं ते बख्त बुलंदनं. रेघ कुठंही मार, कोनी ना कोनी पलीकडं राहतेच."

त्याचं म्हणणं खरं आहे. मी नागपूरला आपलं म्हणते तेव्हा ते देवगडच्या गोंड राजानं वसवलेलं शहर आहे हे मी विसरते. पण रेघ कुठंही मारली तरी कोणी तरी पलीकडं राहतं, एवढ्यावरून रेघ कुठंही मारली तरी चालतं असं होत नाही. हे मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "चालते असं मी नाई म्हटलं. चालवून घ्यावं लागते, म्हटलं."

मग तो खाली वाकला आणि एका झाडाच्या बुंध्याशी हात नेला. "हे पाहाय." जमिनीपासून वीतभर उंचीवर बुंध्याला एक जाडसर गाठ होती, सालीचा रंग तिच्या खाली वेगळा, वर वेगळा. तिथं डोळा भरलेला असतो. संत्र्याचं झाड आमच्याकडे बीपासून लावत नाहीत. खाली जंबेरीचा खुंट, त्याची मुळं आपल्या मातीत खोल जातात. त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. "खाली जंबेरी, वर संत्रा," दादा म्हणाला. "जंबेरीचं फळ आंबट, कोनी खात नाई. अन् संत्रा नुसता लावला तं त्याच्या मुळात तेवढा दम नाई. आपलंही तसंच. घरात मराठी, बाहीर हिंदी. बाबानं हिंदीचा डोळा भरला म्हनून तू मास्तरीन झाली. तुह्या पगारावर आईचं ऑपरेशन झालं. हे बदलवतेस का?"

मी त्या गाठीच्या खाली पाहिलं. बुंध्याच्या खालच्या भागावर एक ताजी, गोल, छाटलेली खूण होती. "अन् हे काय?"

"खालून फुटलं होतं. जंबेरीचा फुटवा. परवा कापला."

"काऊन कापला?"

"ठेवला तं सगळा जोर तोच खाते. दोन-तीन वर्षांत झाड जंबेरीचं होते."

"हेच म्हनते मी. मुळं आपली, अन् मुळातून फुटलं की कापाचं. मी शाळेत तेच करते, दादा. रोज करते."

आणि ते मी त्याला सांगितलं, जे मी माझ्या नवऱ्यालाही कधी नीट सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात मी मुलांना निबंध देते, "जाड़े की सुबह". दर वर्षी दहा-बारा वह्यांत एक वाक्य येतं: "मुझे ठंडी बज रही थी." थंडी वाजते, हे ती आपल्या आईकडून ऐकून आलेली असतात आणि ते हिंदीत तसंच उतरतं. मी लाल पेनानं "बज रही" खोडते आणि वर "लग रही" लिहिते. बरोबरच करते. हिंदीच्या परीक्षेत ते चूकच आहे. पण वही परत देताना त्या मुलाच्या तोंडाकडे पाहवत नाही, कारण हेच वाक्य बाबा बोलले होते.

हे दादालाही ठाऊक आहे. बाबा तरुणपणी एका कार्यालयात मुलाखतीला गेले होते. थंडीचे दिवस, अंगात एकच सदरा. साहेबानं विचारलं, कापताय का? बाबा म्हणाले, "ठंडी बज रही है, साहब." साहेब हसला. मग त्यानं शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावलं आणि बाबांना तेच पुन्हा बोलायला लावलं. नोकरी मिळाली नाही. हसण्यामुळे मिळाली नाही असं मी म्हणत नाही, बाबाही कधी म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच केलं की आम्हा दोघांना घरात रोज रात्री हिंदीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला बसवलं. त्यांचे स्वतःचे उच्चार मराठीच होते. आम्ही चुकलो की त्यांना कळायचं नाही, म्हणून ते पुस्तकावर बोट ठेवून एकेक अक्षर पाहायचे.

नदीच्या बाजूनं वारा आला तरी इतक्या लांबून काही ऐकू येणं शक्य नसतं, तरी मला त्या दिवशी गोटमारीचा आवाज येतो असं वाटत राहतं. दादाला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "पाहाय, ते पांढुर्णा. मागचं बदलवाले निघालेले लोक."

"ते कुठं बदलवतेत?"

"मग काय करतेत? एक पोरगा, एक पोरगी. तो पांढुर्ण्याचा, ती सावरगावची. नदी ओलांडताना दोन्हीकडून दगड पडले अन् मेले म्हनतेत. कधीचं आहे, खरं की खोटं, कोनाले ठाऊक. पन दर साली लोक त्याच पाण्यात उभे राहून तोच दिवस पुन्हा काढतेत. अन् दर साली शेकडो डोकी फुटतेत. पेपरात छापून येते, १९५५ पासून तेरा जन मेले. अठ्ठ्याहत्तर अन् सत्त्याऐंशीत पोलिसांनं गोळी चालवली. एका साली प्रशासनानं रबरी चेंडू आणून ठेवले होते. चेंडू तसेच पडून राह्यले, लोकांनं दगड उचलले. त्या जाग्यावर परत परत गेलं की असं होते, बाई. म्हनून मी जात नाई मागं."

मी जात नाही कारण मला रक्त पाहवत नाही. दादा जात नाही कारण तो असं मानतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघं एकाच कारणानं तिगावात बसतो.

"पन संध्याकाळी तेच लोक झाड चंडीच्या देवळात घेऊन जातेत ना," मी म्हटलं. "ज्याचं डोकं फुटलं तोही जाते. तिथं जाता यावं म्हनून दिवसभर दगड. मी तं दगडही मारून नाई राह्यली, दादा. मी फक्त म्हनते, तिथं मी चुकली. एवढं म्हनू दे ना मले."

दादा बांधावर बसला. टोपीनं तोंड पुसलं. आणि मग त्यानं ते सांगितलं.

"तू येनार त्याच्या आदल्या रात्री बाबा झोपले नाई," तो म्हणाला. "मले म्हने, उद्या पोरगी मोजाले येनार. ती हिंदीची मास्तरीन. तिच्याच हातचा कागद, तिच्याच घरचा, अन् त्यावर मराठी. तिच्या साहेबानं पाहिला तं? म्हनतीन, हिला काय हिंदी येत असंन. कुठं तरी तामियाच्या डोंगरात बदली टाकतीन. मी म्हटलं, बाबा, असं नाई होत. तं म्हने, तुले काय ठाऊक, तुले कोनी हसलं नाई."

मी बराच वेळ बोलू शकले नाही. हातातलं फळ तसंच होतं, त्याला टोचल्यासारखं एक बारीक भोक होतं आणि भोकाभोवती पिवळा डाग.

"पन तो कागद कोनीच पाहू शकत नाई," मी शेवटी म्हटलं. "कोन्या साहेबाले दाखवता येत नाई. कोर्टातसुद्धा पुरावा म्हनून चालत नाई. कायदा आहे तसा."

"बाबाले ठाऊक होतं का?"

"आम्ही सांगतो ना दर घरी. दारात उभं राहून पहिलं तेच सांगाचं असते, की तुमची माहिती गुप्त राहीन."

"आपल्या घरी सांगितलं होतं तू?"

नव्हतं सांगितलं. गावातल्या प्रत्येक दारात सांगितलं होतं. ज्या घरांत मला कधी पाणीही विचारलं नव्हतं तिथंही सांगितलं होतं. आमच्या घरात मी चपला काढून सरळ आत गेले होते, मोढा ओढून बसले होते. आपल्याच बापाला कायदा काय सांगायचा?

पंधरा वर्षं मी त्या पाच शब्दांशी भांडत होते आणि चूक त्यांच्या आधीच झाली होती, उंबऱ्यावर. दादाला मी म्हटलं की आता मला मागं जाता आलं तर मी रकान्याला हात लावणार नाही. दारात उभी राहीन आणि बाबांना सांगीन, बाबा, हे कोणी पाहत नाही. त्यानंतर ते जे सांगतील ते लिहीन.

"तरी ते हिंदीच म्हनले असते," दादा म्हणाला.

"म्हनू दे. न भेता म्हनले असते."

"भीती तशी जाते का, एका वाक्यानं? पन्नास वर्षांची होती ती."

"पन्नास वर्षांत कोनी एकदा तरी सांगितलं होतं का त्यांना?"

यावर तो काही बोलला नाही आणि मीही काही बोलले नाही. आमचं यावर एकमत झालेलं नाही. दादाला अजूनही वाटतं की मी बाबांच्या निवडीला भीती म्हणते आणि त्यामुळे त्यांना लहान करते. तो म्हणतो, बाबांनी पोरीसाठी एक गोष्ट सोडली, आणि सोडणाऱ्याला तू आता सांगतेस की सोडायची गरज नव्हती. हे ऐकून त्यांना बरं वाटलं असतं का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आई तूर पाखडता पाखडता थांबली होती, ते मला दिसतं. सोडलेल्या गोष्टीत तिचीही वाटणी होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

टोपलं भरलं होतं. खड्ड्यात रिकामं करून, वर माती ओढून आम्ही घरी निघालो. तिगावच्या पुढे चिचोंड्याकडे घाट लागतो. एक मालगाडी चढणीला लागली होती, तिचा ओढणारा आवाज शेतावरून येत होता. दादानं मधेच विचारलं, "आता पुढची मोजनी कधी?"

"२०२७. माणसांची मोजनी फेब्रुवारीत. १ मार्चचा हिशेब. मोबाइलवर राहीन आता, आपलं आपल्यालेही भरता येईन म्हनते."

"तू येशीन?"

"नेमलं तं येईन."

५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा आहे, सौंसर आणि पांढुर्णा मिळून. छप्पन्न साली जिल्हा हा घटक धरला म्हणून जी माणसं तिकडे राहिली, त्यांचाच आता एक जिल्हा झाला आहे. येत्या मोजणीत त्याचे आकडे पहिल्यांदाच वेगळे निघतील. मातृभाषेचा आकडाही. हे मी चालता चालता दादाला सांगितलं. माझ्या आवाजात उत्साह होता, तो त्याला कळला असणार.

"मग आपल्या घरी काय लिहिशीन?" तो म्हणाला. "माहं मराठी लिही. मले कोनाची भीती नाई आता. वहिनीचंही मराठी. पन सूनबाईचं?"

सूनबाई बैतूलची, हिंदी घरातली. चांगली मुलगी आहे. माझ्या भाच्याशी, सासूशी, सगळ्यांशी हिंदीत बोलते, आणि आता सगळे तिच्याशी हिंदीत बोलतात.

"तिचं हिंदी," मी म्हटलं.

"अन् लेकराचं? काय नियम आहे म्हनलीस? आई ज्या भाषेत बोलते ती."

लेकरू चार वर्षांचं आहे. त्याची आई त्याच्याशी हिंदीत बोलते. ज्या नियमासाठी मी पंधरा वर्षं जीव जाळला, जो मी माझ्या आईच्या बाबतीत पाळला नाही म्हणून मला झोप येत नसे, तो पाळायचा तर फेब्रुवारीत मला त्याच ओसरीवर बसून आमच्या घरातल्या सगळ्यात लहान माणसापुढे हिंदी लिहावं लागेल. आणि ते खरं असेल. घर हा घटकसुद्धा उरला नव्हता.

"नियमानं हिंदी," मी म्हटलं.

दादानं मान हलवली. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. त्याचा नातू आहे तो.

अंगणात आलो तर लेकरू तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला दोरीनं ओढत होतं. बैल आमचाच, म्हणजे दादाचा लहानपणचा. एक शिंग तुटलेलं, चाकं नवी बसवलेली. वहिनीनं त्याच्या शिंगाला लाल लोकरीचा गोंडा बांधला होता, तो सुटून मातीत पडला होता. आम्हाला पाहून लेकरू बैल तिथंच सोडून धावत आलं.

"आबा, मेरे बैल का गोंडा सुटून गया," ते म्हणालं.

दादानं टोपलं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. मी गोंड्याची माती झटकली, त्याच्या हातात दिला.